थुंकीचं डीएनए किट की हॉस्पिटलची जेनेटिक ओपीडी? आतड्याच्या कॅन्सरच्या प्रश्नासाठी दोन्ही वापरून बघितलं (बडोदा)

आधी रेटिंगच सांगून टाकते, घाईत असाल तर तेवढं वाचून सुटा. ऑनलाइन मागवलेलं थुंकीवालं डीएनए किट, दोन स्टार, आणि त्यातलाही एक पॅकिंगचा. आमच्या बडोद्यातल्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलमधली जेनेटिक काउन्सेलिंगची ओपीडी, साडेचार स्टार, अर्धा वेटिंग रूमसाठी कापला. नावं दोघांचीही टाकत नाहीये, किटवाल्यांशी रिफंडचं अजून चालूच आहे आणि एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं लपवणं काही बरोबर वाटत नाही.

आमच्या घरची हिस्टरी थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाबांना ४६ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, आणि देवाच्या कृपेनं आज सत्तरी ओलांडून रोज सकाळी कमाटीबागेत चालायला जातात. दांडिया बाजारातल्या आत्याला पन्नाशीत गर्भाशयाचा कॅन्सर झाला, ती नाही राहिली. आणि आजोबा तरुणपणीच "पोटाच्या दुखण्यानं" गेले, त्या काळात पोटाचं दुखणं म्हणजे काहीही असायचं, कागद कुठलाच नाही. मी आता चाळिशीत, दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्यामुळे दिवाळीच्या ऑफरमध्ये एकावर एक किट स्वस्तात दिसलं आणि खाली "१०० हून जास्त आजारांची रिस्क, कोलोरेक्टल कॅन्सरसकट" असं लिहिलेलं दिसलं तेव्हा आम्ही दोघांनी मागवलं. सहा हजारांच्या आतबाहेर पडलं दोघांचं मिळून, वाईट नाही.

किटबद्दल चांगलं आधी बोलते. डबा बघून मोबाइल आलाय असंच वाटतं. आत एक ट्यूब, त्यावर एक रेघ, रेघेपर्यंत थुंकी भरायची आणि फेस मोजायचा नाही, हे "फेस मोजायचा नाही" प्रकरण वाचायला सोपं वाटतं पण करून बघा, अर्धा तास आधीपासून चहा-पाणी बंद, तोंड कोरडं ठाक, आणि ट्यूबमध्ये नुसता साबणासारखा फेस. दादानं शेवटी डोळ्यासमोर लिंबू चिरून ठेवलं तेव्हा त्याची ट्यूब भरली. मग झाकण दाबलं की झाकणातलं निळं पाणी खाली उतरतं आणि सँपल टिकतं, हे मस्त आहे, बर्फ-बिर्फ काही लागत नाही. पिकअपवाला रावपुऱ्याच्या गल्लीत पत्ता न विचारता आला, हा तर चमत्कारच. रिपोर्ट मात्र सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा, आणि प्रत्येक फोनला "प्रोसेसिंगमध्ये आहे मॅम".

रिपोर्ट उघडला तर माझ्या नावापुढे कोलोरेक्टल कॅन्सरसाठी हिरवी रिंग, "सरासरी रिस्क". दादाला नारिंगी, "सरासरीपेक्षा थोडी जास्त". खाली सल्ला, फायबर खा, रेड मीट कमी करा, चाला. आम्ही कोकणस्थ, घरात अंडंसुद्धा वर्षातून एकदा गुपचूप येतं, रेड मीट कुठून कमी करणार! बरोबर फुकट मिळणारी फोनवरची काउन्सेलिंगही घेतली. मुलगी बोलायला गोड होती पण तिच्यासमोर जे लिहिलेलं होतं तेच वाचत होती, बाबांचं वय सांगितलं, आत्याचं सांगितलं, तर म्हणे "ओके मॅम, पण तुमचा स्कोअर ग्रीन आहे." इथेच माझा एक स्टार गेला.

कारण खरी मेख रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती, ही टेस्ट लिंच सिंड्रोम किंवा एफएपी तपासत नाही. म्हणजे आतड्याच्या कॅन्सरची जी खानदानी कारणं डॉक्टर लोक सगळ्यात आधी बघतात तीच वगळून हिरवी रिंग दिलेली. हे वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं असतं तर मी तीन स्टार दिले असते, खरंच.

किटवाले नक्की काय मोजतात ते थोडं समजून घ्या कारण त्यांची टेस्ट खोटी नाहीये, वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या डीएनएमध्ये लाखो जागी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. २००७ मध्ये आठव्या क्रोमोसोमवर अशी एक जागा सापडली जिथलं एक अक्षर असलं तर आतड्याच्या कॅन्सरची रिस्क किंचित वाढते, साधारण एक कॉपी असली तर वीस टक्क्यांच्या आसपास, आणि हे अक्षर इतकं कॉमन आहे की तुमच्या सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे निघेल. वीस टक्के म्हणजे शंभरात वीस जणांना कॅन्सर नव्हे हो, मुळात जेवढी रिस्क आहे तिच्यात वीस टक्के वाढ, मूळ चार असेल तर पाचच्या जवळ, एवढंच. नंतर अशा जागा सापडतच गेल्या, २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. किटवाले यातल्या काही जागा बघतात, बेरीज करतात आणि रिंग रंगवतात. गंमत अशी की त्या मोठ्या अभ्यासात एक लाखाच्या वर पेशंट होते पण ते युरोपियन आणि पूर्व आशियाई वंशाचे. आपण त्यात नाही. तिथं बसवलेली बेरीज बडोद्याच्या चित्पावनाला किंवा पटेलाला तशीच्या तशी लागू पडेल याची खात्री कोण देणार, पण रिपोर्टमध्ये यावर एक ओळ नाही. अमेरिकेतल्या 23andMe या मोठ्या किट कंपनीचंही असंच होतं, २०१९ मध्ये तिकडच्या एफडीएनं (औषधं आणि टेस्टना परवानगी देणारं सरकारी खातं) त्यांना आतड्याच्या कॅन्सरशी संबंधित एमयूटीवायएच जीनचा रिपोर्ट द्यायला परवानगी दिली पण त्यात फक्त दोन बदल तपासायचे, आणि ते दोन्ही मुख्यतः उत्तर युरोपातल्या लोकांत सापडणारे. आपल्यासाठी त्याचा उपयोग किती ते तुम्हीच ठरवा.

आता ओपीडी. ही सुचवली आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, हिरवी रिंग त्यांना दाखवली तर हसले आणि चिठ्ठी लिहून दिली. रेसकोर्स साइडला हॉस्पिटल आहे, पार्किंग बेसमेंटला, लिफ्ट छोटी. वेटिंग रूम कीमोच्या डे-केअरला लागूनच आहे, तिथं बाबांना बसवणं मला अजिबात आवडलं नाही, इतक्या वर्षांनी तोच वास, ते गप्पच झाले. हॉस्पिटलवाल्यांनी हे बघावं, अर्धा स्टार त्याचाच.

पण आत गेल्यावर. काउन्सेलर मॅडम गुजराती, मराठी समजतं, बोलतात गुजराती-हिंदी मिक्स, म्हणजे आपलं नेहमीचं बडोदा. फाइल बाजूला ठेवली, एक कोरा कागद आडवा धरला आणि बाबांना म्हणाल्या, "काका, पहेलां फोईनी वात करो", म्हणजे आधी आत्याचं सांगा. आणि बाबा जे सुटले! पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झाला असेल तर तो भाग काळा करायचा. आत्याचा गोल, त्यात कोपरा काळा, बाजूला वय ५१. बाबांचा चौकोन, ४६. आजोबांवर रेघ पण काळं नाही केलं, प्रश्नचिन्ह टाकलं, कारण कागद नाही. मला वाटत होतं त्या फक्त आतड्याचं विचारतील, पण गर्भाशय, अंडाशय, जठर, लघवीचा मार्ग, सगळं विचारलं, आणि आईकडचीही तीन पिढ्यांची माणसं काढून घेतली. लग्न होऊन ग्वाल्हेर-इंदूरला गेलेल्या आतेबहिणी आणि ज्यांची नावं आम्ही वर्षानुवर्षं घेतली नव्हती ती माणसं एका ए-फोर कागदावर आली. पाऊण तास गेला यात, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

एवढं सगळं का विचारलं ते नंतर कळलं. लिंच सिंड्रोममध्ये आतडं आणि गर्भाशय हे दोन कॅन्सर एकाच खानदानात हातात हात घालून चालतात. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर बायकी अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार, आणि बिचारी तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननं ते घराणं लिहून काढलं, १९१३ मध्ये छापलं, आणि पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी घराणी गोळा करत आयुष्य घातलं, लोक तेव्हा त्यांना फारसं सिरियसली घेत नव्हते. त्यांचंच नाव पडलं. म्हणजे सगळी गोष्ट सुरू झाली ती एका बाईनं आपल्या घरच्यांची वयं आणि दुखणी नीट लक्षात ठेवली म्हणून. आमच्याकडे असली यादी आत्याकडे असायची, ती गेल्यावर ती यादीही गेली.

यामागचं शास्त्र मॅडमनी फार छान सांगितलं. पेशी दुप्पट होताना डीएनएची कॉपी निघते, कॉपीत चुका राहतात, त्या पकडायला आपल्याकडे एक दुरुस्ती पथक असतं, प्रुफं तपासणाऱ्या माणसासारखं. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ हे त्या पथकाचे चार जीन. प्रत्येकाच्या दोन कॉप्या, एक आईकडून एक बाबांकडून. यातली एक जन्मापासूनच बिघडलेली असली की आतड्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडायला वेळ लागत नाही, मग त्या पेशीत चुका धडाधड साचतात. म्हणून आतड्यातल्या साध्या पॉलिपचा (आतल्या अस्तरावरच्या छोट्या वाढीचा) कॅन्सर व्हायला जिथं दहाएक वर्षं लागतात तिथं लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होऊ शकतो. साधारण २८० माणसांत एकाला हे असतं असा अंदाज आहे आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. सगळ्या जीनची रिस्क सारखी नसते हेही पहिल्यांदाच कळलं, एमएलएच१ आणि एमएसएच२ वाल्यांना आयुष्यात आतड्याचा कॅन्सर व्हायची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते, एमएसएच६ ची खूप कमी, पीएमएस२ ची त्याहून कमी. एफएपी म्हणजे एपीसी जीन, ते वेगळं प्रकरण, त्यात आतड्यात शेकड्यानं पॉलिप येतात, बाबांना तसं नव्हतं म्हणून ते मागे पडलं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. मी म्हटलं माझं रक्त घ्या. मॅडम म्हणाल्या तुमचं नाही, आधी काकांचं. ज्याला कॅन्सर झालाय त्याचं आधी. कारण माझं एकटीचं निगेटिव्ह आलं तर दोन अर्थ निघतात, एक तर बाबांचा बिघाड माझ्यात उतरला नाही, किंवा घरातला बिघाड त्या टेस्टला दिसतच नाही, आणि कुठला खरा ते सांगता येत नाही. किट विकणारा हे कधीच सांगणार नाही कारण त्याला प्रत्येकाला एक-एक डबा विकायचाय.

बाबांचा जुना रिपोर्ट आईनं ट्रंकेतून शोधला, प्लास्टिकच्या पिशवीत, जनता बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेला. त्यात "उजव्या बाजूचं कोलन" आणि "म्युसिनस" हे दोन शब्द बघून मॅडमनी पेन्सिलनं खूण केली, म्हणाल्या दोन्ही लिंचमध्ये जास्त दिसतात. त्या वेळच्या गाठीचा मेणातला ब्लॉक मिळाला असता तर त्याच्यावर त्या चार जीनच्या प्रोटीनची टेस्ट आधी करता आली असती, ती स्वस्त पडते आणि कुठला जीन ते जवळजवळ बोट ठेवून सांगते, पण इतके जुने ब्लॉक लॅब ठेवत नाहीत. तुमच्या घरात ताजं ऑपरेशन झालं असेल तर ही टेस्ट झालीय का ते विचाराच, याच टेस्टवरून आता इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध) लागू पडेल का तेही ठरतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला अशा दुरुस्ती बिघडलेल्या रेक्टल (गुदाशयाच्या) कॅन्सरच्या पहिल्या १२ पेशंटांवर नुसत्या डोस्टारलिमॅब नावाच्या इंजेक्शननं बाराच्या बारा गाठी गायब झाल्या होत्या, ना सर्जरी ना रेडिएशन.

रक्त घ्यायच्या आधी संमतीचा फॉर्म वाचून दाखवला, नुसती सही नाही घेतली. मेडिक्लेम आणि टर्म प्लॅनचं काय ते आधी बघून घ्या, घाई नाही, असंही स्वतःहून सांगितलं. बाबांची पॅनल टेस्ट (एकाच वेळी बरेच जीन बघणारी) वीस हजारांच्या आसपास, स्वस्त नाहीच. रिपोर्ट महिन्याभरात. त्यात एमएसएच२ मधला एक अख्खा तुकडा गायब निघाला. असला गायब तुकडा शोधायला वेगळी पद्धत लागते, एमएलपीए म्हणतात, लॅबला ती सामील आहे ना हे मॅडमनी आधीच विचारून घेतलं होतं. शिवाय एटीएम नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये एक "अर्थ माहीत नाही" छापाचा बदल होता, दादा रात्रभर त्यावर गूगल करत बसला, मॅडम म्हणाल्या त्याला हातही लावू नका, त्यावरून कुणी काही ठरवायचं नाही. असे बदल आपल्याकडे जास्त निघतात कारण तुलनेला भारतीय डेटा कमी होता, आता जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा दहा हजार लोकांचा डेटा २०२५ च्या जानेवारीत खुला झालाय, हळूहळू फरक पडेल.

मग आम्हा दोघांची फक्त तेवढ्या एका जागेची टेस्ट, ती चार-पाच हजारांत झाली. प्रत्येक मुलाला निम्मा-निम्मा चान्स. दादाला नाही. मला आहे.

म्हणजे किटची नारिंगी रिंग ज्याला होती तो सुटला आणि हिरवीवाली मी अडकले. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून फोटो काढलाय, कस्टमर केअरला पाठवला, उत्तर आलं "आपला फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे" आणि सोबत स्किन अँड हेअर अपग्रेडवर ४० टक्के कूपन.

रिझल्टच्या दिवशी मॅडमनी फोनवर नाही सांगितलं, बोलावून घेतलं, आणि काय करायचं ते कागदावर लिहून दिलं, हे मला फार आवडलं, डोकं तेव्हा चालत नसतं. दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी), गायनॅकची वेगळी अपॉइंटमेंट, आणि अ‍ॅस्पिरिनबद्दल गॅस्ट्रोशी बोला. अ‍ॅस्पिरिन ऐकून मी उडालेच, पण लिंचवाल्या ८६१ लोकांवर ट्रायल झालेली आहे, साधारण दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम घेतलेल्या गटात पुढच्या काळात आतड्याचा कॅन्सर ९ टक्के लोकांना झाला, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांत १३ टक्के. आपल्या मनानं चालू करायचं नाही हे उघडच आहे, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

कोलोनोस्कोपी झाली. स्कोपीत काही नाही हो, झोपेचं इंजेक्शन असतं, कळतसुद्धा नाही, खरा त्रास आदल्या रात्रीच्या पावडरच्या पाण्याचा, खारट-लिंबू चवीचं ते संपतच नाही, आणि त्याआधी शेव-उसळ, लीलो चेवडो सगळं बंद. एक छोटा पॉलिप निघाला, तिथल्या तिथे काढला, बायोप्सीत कॅन्सर नाही.

आतेबहिणींसाठी मॅडमनी छापील पत्र दिलं, कुठला जीन, नक्की कुठली जागा, सगळं लिहिलेलं, म्हणजे त्यांना ग्वाल्हेरला किंवा इंदूरला पूर्ण पॅनलचा खर्च नको, तेवढीच जागा तपासली की झालं. या पत्राचे वेगळे पैसे नाहीत. एकीनं सँपल दिलंय, दुसरी म्हणते "मला काही कळायचंच नाहीये", तिचंही बरोबर आहे, मॅडमनी सांगितलंय तिला सारखं फोन करून छळू नका.

किट कुणी घ्यावं? गंमत म्हणून, पूर्वज कुठले ते बघायचंय, दूध पचतं की नाही वगैरे, तर घ्या की. घरात कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय, किंवा एकाच बाजूचे दोन-तीन जण आहेत, तर ते पैसे काउन्सेलिंगच्या फीमध्ये घाला, पहिल्या भेटीची फी आमच्याकडे हजाराच्या आत होती. आणि शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय असं असेल तर ना किट ना जीन, सरळ गॅस्ट्रोकडे जा.

ओपीडीला जाताना जुने बायोप्सीचे कागद, डिस्चार्ज कार्ड, आणि घरातलं सगळ्यात बोलकं म्हातारं माणूस सोबत न्या. अपॉइंटमेंट फोनवरच घ्या, वेबसाइटवरचं बटण दाबलं की कार्डिओलॉजीला लागतं. सकाळची पहिली वेळ मागा, अकरानंतर लिफ्टला लाइन लागते आणि कँटीनचा चहा पण संपलेला असतो.